मडक्यातलं पाणी

आये, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, तरी माणसं मी अजून तुझ्याच पद्धतीने पारखते. आता दोन हजार नऊ साल चालू आहे, मालवणच्या आपल्या घरात कॉम्प्युटर आलाय आणि पुण्याच्या एका भाषांतर कचेरीला मी भाषांतरकार शोधून देते. या वेळचं काम ऐकून तू हसली असतीस. कोरियातल्या एका बाईंचं स्वयंपाकाचं पुस्तक स्पॅनिशमध्ये न्यायचंय, तेव्हा दोन्ही भाषांबरोबर चूलही कळणारं माणूस हवं. मला त्यातली एकही भाषा येत नाही. मासे खारवायला आईने शिकवलंय, असं सांगून मी हे काम पटकावलं. निवड चुकली तर कुणाच्या तरी पोटात नासके मासे जायचे.

तिघे मिळाले. पुस्तकातली मासे खारवायची कृती तुमच्या शब्दांत सांगा, असं मी त्यांना इंग्रजीत लिहिलं. दोघांची उत्तरं तासाभरात आली, अगदी गुळगुळीत. तिसऱ्या एक बाई होत्या, त्यांनी उलट मलाच विचारलं: मासा कुठला, आणि मिठाने सुटलेलं पाणी टाकायचं की राहू द्यायचं? पुस्तकात ते दिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला लगेच संशय आला. बाजारात तुझ्या माशांच्या पाटीशेजारी बसून मी हेच तर शिकले होते. "ताजो आसा काय म्हणान इचारल्यान, की समजाचा, तेका माशातला कायेक कळणा नाय," असं तू म्हणायचीस. जाणतं गिऱ्हाईक न बोलता कल्ला उचलून बघतं. मी बाईंना नकार कळवून टाकला.

पण ते पाणी डोक्यातून जाईना. मी बारा वर्षांची आहे, तू बाजारात गेली आहेस, आणि मडक्यात खारवलेल्या बांगड्यांवर चढलेलं लालसर पाणी मला घाण वाटतं. मी ते ओतून टाकते. चार दिवसांनी तू झाकण काढतेस तर वरचे बांगडे कुजलेले.

"इचारलंस कित्या नाय गो?"

"तूच सांगतस ना, इचारता तेका कळणा नाय म्हणान."

"ता गिऱ्हायकाचा," तू म्हणतेस. "चुलीकडे इचारूक व्हया."

दोघांची उत्तरं पुन्हा वाचली. एकाने पाणी फेकून दिलं होतं, दुसऱ्याने त्याचं नावही काढलं नव्हतं. लाज वाटली. बाईंची माफी मागून काम त्यांनाच दिलं. त्यांनी आनंदाने लिहिलं, तुमच्या आईच्या मडक्यात मासे किती दिवस राहायचे? मी तासाभरात उत्तर दिलं, आठ दिवस. आता त्या ते पुस्तकात टीप म्हणून घालणार आहेत.

मासे किती दिवस राहायचे, हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं, आये. खरं तर हे पत्र त्या बाईंना लिहायला हवं, आणि ते मी अजून लिहिलेलं नाही.