पावसाळ्याचं सरपण चैत्रात

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

वारंगा फाटा
२३ मार्च २०००

तीर्थरूप आबांस,
सौ. रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. तुमचा आणि मेंढरांचा मुक्काम हल्ली नरसीच्या शिवारात आहे असं आपल्या शेजारच्या भिकामावशीकडून कळलं. ती परवा फाट्यावर एसटी बदलायला उतरली होती. म्हणून हे पत्र तिथल्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. दुकानदाराने यात गूळ बांधून कुणाला दिला नाही म्हणजे मिळवली.

आबा, श्रावणात तुम्ही आजोबा होणार. आई असती तर तिच्या कानात सांगितलं असतं. तुम्हाला पोस्टाने सांगावं लागतं आहे, तेव्हा लाज तेवढी पाकिटाबाहेर ठेवली आहे.

आता काळजीची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐकायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, त्या घरात बाईमाणूस न्हाई, श्रावणाची झड लागली की भिंती ओल धरतात, बाळंतिणीला आन लेकराला ऊब कोन देईल? व्याही मेंढरं राखतील का शेगडी? मामंजी ऐकून न ऐकल्यासारखं करतात. हे टेम्पो पुसत बसतात आणि दोन्हीकडे मान डोलावतात.

आत्याबाई माझं वाईट चिंतत नाहीत, पण मला आपल्याच घरी यायचं आहे. आईच्या बाजेवर झोपायचं आहे. हे एकदाच मिळतं. तुम्ही काय ते ठरवा आणि लवकर लिहा.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्यावी.

आपली लेक,
रागिणी


मु. नरसी, शेतातून
९ एप्रिल २०००

चि. सौ. रागिणीस,
पुंजाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुळाचा डाग एका कोपऱ्यावर होता, पण बातमी शाबूत होती. वाचून मी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं. म्हाताऱ्या धनगराने उगाच चहा पाजल्याचं या शिवारात कुणी पाहिलेलं नाही.

तुझ्या सासूबाईंना सांग की काळजीचं कारण नाही. ऊब म्हणजे सरपण, आणि सरपण कधी घ्यावं हे मला कुणी शिकवायला नको. लोक आभाळ भरून आल्यावर लाकडाला पळतात. पावसाळ्यात लाकूड घेणारा माणूस लाकडाच्या भावाने पाणी विकत घेतो. माघ-फाल्गुनात घेऊ म्हणशील, तर तेव्हा हळद शिजवणारे मिळेल ते लाकूड उचलतात. पाडवा झाला की त्यांच्या कढया उतरतात, ऊन तापतं, आणि विस्तवाचं नाव कुणाला नको असतं. लाकूड घ्यायची वेळ ती हीच. आत्ता घेतलं की वैशाखाचं ऊन ते फुकट वाळवून देतं, आणि मृगाच्या आत पडवीत रचून टाकलं की संपलं काम. ज्याला उन्हाळ्यात थंडी आठवते त्याची चूल पावसाळ्यात रडत नाही.

आता ऐक. खतासाठी शेतात मेंढरं बसवली की शेतकरी आपल्याला दाणे देतो, हे तुला माहीत आहेच. यंदा मी सगळ्यांना सांगितलं आहे की दाणे नको, बाभळीचं लाकूड द्या. बांधावरच्या बाभळी तोडायच्याच असतात, त्यांनाही बरं पडतं. एकाने विचारलं, काहून जी पुंजाजी, यंदा लाकडं खाता का? मी म्हणालो, व्हय, माझी लेक येऊन राहिली.

बाळाला न्हाऊ घालायला भिकाबाई आहे. तिने आजवर कितीतरी लेकरं पायावर घेतली आहेत. तू फक्त यायचं.

मेंढरं खुशाल आहेत. काळ्या मेंढीला जुळं झालं, तो शकुन तू मनावर घेऊ नकोस. लोभ ठेवशीलच, न ठेवशील तर कान धरीन.

तुझा,
आबा


वारंगा फाटा
१२ मे २०००

तीर्थरूप आबांस,
सौ. रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. लाकडाच्या भावाने पाणी, हे ऐकून मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत्याबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, बोलतात तर बराबर. पण बोलून घर गरम होत न्हाई.

तुम्ही घरी लाकूड आणून रचलंत हेही त्यांना कळलं आहे. फाट्यावर काहीच लपून राहत नाही. शेवटी त्यांनी असं ठरवलं आहे की मृग लागला की त्या स्वतः येऊन पाहतील, आणि मनाला पटलं तरच मला पाठवतील. आबा, पडवी झाडून ठेवा. तुमचं धोतर धुऊन ठेवा. आणि कृपा करून त्यांच्यापुढे मेंढरांची औषधं सांगत बसू नका.

मी दिवस मोजत नाही असं सगळ्यांना सांगते. कैऱ्या खाते, झोपते, आणि आपलं घर आठवत राहते.

आहे तसाच जीव लावत राहावा.

आपली,
रागिणी


मु. सिद्धेश्वर
१४ जून २०००

चि. सौ. रागिणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सासूबाई येऊन गेल्या. काय झालं ते त्यांच्या आधी मीच लिहितो.

त्यांना मी आधी पडवी दाखवली. आढ्यापर्यंत बाभूळ रचलेली होती, साल सोललेली, उंदराला शिरायला फट नव्हती. त्यांनी पदर खोचला, मधलीच दोन लाकडं उपसून काढली आणि एकावर एक वाजवून पाहिली. खणखणीत आवाज आला. त्या म्हणाल्या, व्याही, असं वाळलेलं सरपण आमच्या गावात न्हाई. माझी छाती किती फुगली असेल ते तू जाणतेस.

मग त्यांनी विचारलं, गवऱ्या कुठं हायेत?

मला वाटलं, थट्टा करतात. मी लाकडाकडे बोट दाखवलं. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, बाजेखाली लाकूड पेटवून लेकराला शेकणार का भाजणार? मग त्यांनी मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. लाकूड पाणी तापवायला, लाडू-भाकरीला. बाळंतिणीच्या शेगडीत गवरीच घालायची. तिचा विस्तव राखेखाली मंद राहतो, सकाळपर्यंत टिकतो. लाकूड धूर करतं, ठिणग्या उडवतं.

रागिणी, तुझ्या वेळी मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आतली ऊब मला दारापर्यंत लागत होती, पण शेगडीत काय आहे ते मी कधी वाकून पाहिलं नाही. आपल्याकडे मेंढरं, त्यांच्या लेंड्यांच्या गवऱ्या होत नाहीत. तुझी आई पौषात शेजारच्या गोठ्यातून शेण मागून आणायची आणि मागच्या भिंतीवर थापायची. मी ते बायकांचं काम म्हणून सोडून दिलं. सरपणात धरलंच नाही.

सासूबाई गेल्यावर मी गावात घरोघर फिरलो. ज्याच्याकडे आहेत त्याने स्वतःच्या पावसाळ्यापुरत्या झाकून ठेवल्या आहेत. आता थापाव्या तर वाळणार कशा? लाकडाची वेळ मी साधली, गवरीची वेळ माझ्या नाकासमोरून गेली.

तेव्हा तू तिकडेच राहा. तुझ्या सासूबाई बरोबर आहेत आणि हे मी त्यांच्या तोंडावर कबूल केलं. मला वाईट वाटतं, पण त्यासाठी लेकराला ओलीत निजवणार नाही. घर तुझंच आहे, पुढे कधीही ये.

लोभ असावा, रागही असला तर चालेल.

तुझा,
आबा


वारंगा फाटा
२५ जून २०००

श्री. पुंजाजी व्याही यांस,
चंद्रभागाबाईचा रामराम. सांगणार मी, लिहिणार तुमचा जावई रामप्रसाद. त्याला म्हणलं, मी बोलते तसंच लिही, मधी शाळा घुसवू नको.

व्याही, तुमी पोरीला लिवलेलं पत्र मी ऐकलं. ती तवापासून जेवून नीट न्हाई राहिली. म्हणती न्हाई काही, पण मला डोळे हायेत.

मी तुमच्या घरी आले ती खोट काढायलाच आले होते. खोटं काहून बोलू? आन खोट सापडली. पण घरी आल्यावर माझंच चित्त थाऱ्यावर न्हाई. माझी आई मी लहान असताना गेली. माझा बाप होता, चार भाऊ होते. माझ्या पहिल्या वक्ताला त्यातल्या एकानं बी म्हणलं न्हाई, की चंद्रे, घरी चल. म्हणायला सोपं होतं, आई न्हाई, कसं करावं. मी सासरीच बाळंत झाले. सासूनं केलं सगळं, न्हाई म्हणत न्हाई, पण मी दाराकडं बघत व्हते. कोनी आलं न्हाई.

आन तुमी रानोमाळ हिंडून दाण्याच्या बदली लाकडं मागितली. गवरी चुकली तर चुकली. गड्यामाणसाला येवढं सुचलं हेच लई झालं. असा बाप असलेल्या पोरीला मी माहेराला आडवी येणार न्हाई.

गवऱ्या माझ्याकडं हायेत. पौष-माघात थापलेल्या, चांगल्या वाळलेल्या, गरजेपेक्षा जास्तच. रामप्रसाद टेम्पोत भरून, वर ताडपत्री बांधून आणून राहिला. रागिणीला आन मला बी संगट आणून राहिला. बाळंतपण तुमच्या घरी व्हईल आन करीन मी. इकडं मालकाला भाकरी थापता येती, त्यांची काळजी करू नका.

लोक म्हणतील, विहीण व्याह्याच्या घरी ऱ्हायाला गेली. म्हणू द्या, त्यांच्या बोलण्यावर आपली चूल थोडीच पेटती. तुमी मेंढरांच्या वाड्यात झोपा, तुमाला सवय हाये. आन माझ्या समोर औषधं सांगू नका, पोरीनं मला सांगून ठेवलंय.

लोभ हाये म्हणूनच येऊन राहिले, आणखी काय लिवू.

चंद्रभागाबाई


मु. सिद्धेश्वर
२ सप्टेंबर २०००

श्री. रामप्रसाद यांस,
सौ. रागिणीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

औंढ्याच्या दवाखान्यातून घरी आल्याचं मागच्या पत्रात कळवलंच होतं. तुमची लेक मजेत आहे. दूध पिते, झोपते, आणि आबांचा आवाज आला की मूठ उघडते. आबा ही गोष्ट गावाबाहेरच्या धरणापर्यंत सांगून आले आहेत.

इथे आठ दिवस झड लागली होती. मागची भिंत घाम आल्यासारखी ओली झाली, पण माझ्या खोलीत त्यातलं काही कळत नाही. दारं-खिडक्या कोंडायच्या नाहीत असं नर्सबाईंनी सांगितलं होतं, म्हणून आत्याबाई एक फट उघडी ठेवतात आणि शेगडी बाजेखाली सारतात. ऊब पाठीपासून पायापर्यंत येते. पाणी आबांच्या बाभळीवर तापतं. भिकामावशी म्हणते, असा बिनधुराचा जाळ तिने श्रावणात पाहिला नव्हता. आबा तिला सरपण कधी घ्यावं ते सांगायला लागले, तर आत्याबाईंनी विचारलं, आन गवऱ्या? आबा उठून मेंढरांकडे गेले.

परवा बारसं झालं. तुम्हाला रस्ता बंद असल्याने येता आलं नाही, त्याचं वाईट वाटलं. नाव तुम्ही कळवलंत तेच ठेवलं, शितल. या ओलीत दुसरं काही गरम नाव सुचलं नाही का, असं आबांनी विचारायला सांगितलं आहे.

आता खरी गोष्ट लिहिते. आबांनी औंढ्याच्या बाजारातून लुगडी आणली होती. भिकामावशीने माझी ओटी भरली. मग आबांनी उंबऱ्याबाहेरूनच तिला दुसरं लुगडं दिलं आणि आत्याबाईंची ओटी भरायला सांगितली. आत्याबाई म्हणाल्या, हे विहिणीच्या मानाचं असंल तर राहू द्या, मी मान घ्यायला आले न्हाई. आबा म्हणाले, मानाचं न्हाई. ह्या घरातून दोन लेकी सासरी जायच्या हायेत, एकीलाच कसं देऊ?

आत्याबाईंनी ओटी घेतली, पदरात तोंड लपवलं आणि खूप रडल्या. मी बाळाला घेऊन त्यांच्याजवळ बसले. मलाही रडू आलं. आबा पाऊस बघत उभे राहिले.

तुम्ही टेम्पो घेऊन कधी येऊ असं विचारलं होतं. मी आत्याबाईंना विचारलं. त्या नवं लुगडं नेसून शेगडीत गवरी घालत होत्या. म्हणाल्या, लिही त्याला, घाई करू नको. आमी दोघी माहेरी हाओत.

तेव्हा इतक्यात येऊ नये. मामंजींना भाजी करता येत नसेल तर लोणच्याची बरणी फळीवर आहे. आमच्यावरची माया तिथूनच असू द्यावी.

आपली,
रागिणी