चाळीस खांब

११ डिसेंबर
पुलाची निविदा पुन्हा बारगळली! नगराध्यक्षांची एक सही राहिली — डॉन तेओदोसिओ लिमाला सत्कार घ्यायला गेलेले. एकतीस तारखेपर्यंत पैसा खर्च झाला नाही, तर राजधानीला परत जाणार.
नदीपलीकडे यूलालिया, माझी धाकटी बहीण, सात महिन्यांची गरोदर. दवाखाना अलीकडे. नदीवरच्या तारेला टांगलेल्या पाळण्यात लोंबकळत यायचं का तिनं?

१९ डिसेंबर
आज धीर करून विचारलं, पुलाचा पैसा पुढच्या वर्षात नेता येईल का?
डॉन तेओदोसिओ हसले. "नेलिदाबाई, त्याला काम सुरू झालेलं लागतं. वर खर्चाचा टक्का बघतात, पूल कोण बघतंय? जिल्ह्यात आपण शेवटून दुसरे! उडवा पैसा."
कशावर?
"कशावरही!"
अंदाजपत्रक मी बनवते म्हणे. मी फक्त आकडे नटवते.

३१ डिसेंबर
दिव्याचे चाळीस खांब! लोखंडी, नक्षीदार. चौकात आधीच पाय ठेवायला जागा नाही, इतके खांब. दुपारी ट्रक आला, संध्याकाळच्या आत बिल चुकतं. टक्का अठ्ठ्याण्णव. कचेरीत पानेतोन, सणाचा केक, कापला, नव्या वर्षाचे पिवळे कागद उधळले. मीही मूग गिळून केक खाल्ला. शी!
खांब मागच्या आवारात पडलेत. उभे करायला तरतूदच नाही.

१४ जानेवारी
पावसानं पाळण्याची तार तोडली. पाळणा रिकामा होता, देवाची कृपा.
मेव्हणा सातुर्निनो पलीकडून ओरडत होता. निम्मं पाण्यात गेलं. एवढं कळलं — "ताई, तुमच्या साहेबाला सांगा, पोर काय त्याच्या सहीसाठी थांबणार आहे का!"

१८ जानेवारी
आवाराची किल्ली माझ्याकडे असते. दिली.

२१ जानेवारी
दोन्ही काठांवर श्रमदान! बायकांनी चिचा, मक्याची दारू, आणली. घळ अरुंद आहे तिथं खांब आडवे टाकले, दोराने आवळले, वर फळ्या. डॉन तेओदोसिओ आले, लालबुंद. "चोरी! किल्ली कुणी दिली?" मी म्हटलं, मी. शेजारची म्हातारी म्हणाली, "साहेब, आधी चालून तर बघा, मग पकडा!"
साहेब चालले. फोटोही काढून घेतला, फीत कापताना. फीत कुठून आणली कोण जाणे.

९ फेब्रुवारी
यूलालिया चालत आली. चपला हातात, पोट पुढं. मधोमध थांबून ओरडली, "ताई, खांब आणलेस, दिवे कुठायत गं?" मी रडलेच.

१२ फेब्रुवारी
मुलगी! दोघी सुखरूप.

४ मार्च
पुढच्या वर्षाच्या मागण्यांतून पूल वगळला. शेरा: 'पूल उपलब्ध आहे.' माझ्याकडूनच टाइप करून घेतला.
आज पाणी खांबांना टेकलं. यूलालिया सकाळीच बाळाला घेऊन पलीकडे घरी जायला निघाली.