लाल हापशावरचा विनोद

४ मार्च
गावच्या पाणी समितीवर घेतलं मला! जुन्या हापशाच्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष निघालं, म्हणून त्याला लाल रंग फासलाय. दांडाच काढला तर लोक दगड घेऊन येतील, असं अध्यक्षांचं म्हणणं. सगळ्यांनी शुद्धीकरण केंद्राचं पाणी न्यावं, हे गळी उतरवायला तिखट जिभेचा माणूस हवा होता. आयुष्यभर टोमणे मारल्याचं चीज झालं.

५ मार्च
हापशावर फलक लावला — ‘इथलं पाणी प्या, डॉक्टरचा मुलगा शिकवा.’ स्वतःवर खूश होऊन तिथेच घुटमळलो.

९ मार्च
फलक गाजतोय. लोक मुद्दाम वाचायला येतात, हसतात — आणि घसा कोरडा पडला की तिथेच ओंजळभर पितात! शेजारचा शिंपी कळशी भरता भरता म्हणाला, "काका, झकास लिहिलंय. पण आपल्या डॉक्टरला मुलगा कुठाय?" चक्क टोमणा मारला. मला!

केंद्राच्या पाण्याचा चहा म्हणजे सासऱ्याने केलेलं जावयाचं कौतुक. गरम, पण चव नाही. घरी रोज कुरकुरतो. बाहेर अर्थात गोडवे गातो.

१२ मार्च
लेक बाळंतपणाला आली. शुद्ध पाण्यावर भाषण ठोकलं. "बाबा, तहान लागलीय. ज्ञानाची नाही." वळण कोणाचं, ते सांगायला नको. तांब्याभर घटाघट प्यायली.

१८ मार्च
हल्ली चहा फक्कड लागतो. समितीत ठणकावून सांगितलं — बघा, जीभ वळवली की वळते!

२२ मार्च
तपासनीस बाई घरोघरचे माठ तपासताहेत. सुरुवात माझ्यापासून करा, म्हणालो. शिंप्यालाही मुद्दाम बोलावून घेतलं.

माठातलं पाणी भरलेल्या बाटलीच्या झाकणातली पांढरी पट्टी तपकिरी झाली — म्हणजे सोमल. बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा तपकिरी.

बायको हळूच म्हणाली, "चहाच्या नावाने रोज बोटं मोडत होतात. म्हणून लाल हापशावरून आणायला लागले. वर तुमचा विनोद लिहिलेला. वाटलं, एवढं काही नसेल."

लेक दारात उभी. एका हातात तांब्या, दुसरा पोटावर.

२३ मार्च
डॉक्टर म्हणाले, ते पाणी आजपासून बंद. बाळाचं आत्ताच काही सांगता येणार नाही.

जुना फलक पुसला. नवा लिहिला — ‘माझी गरोदर लेक हे पाणी प्यायली.’ खाली माझं नाव.

शिंपी आला. वाचलं. रिकामी कळशी घेऊन केंद्राकडे वळला.

हसला नाही.