पोट उघडायची वेळ आली तर

३ फेब्रु., मंगळ.
सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे, भिंत जाड, सगळं चिकटलेलं. इतकी वर्षं सोलापुरात लोकांची पित्ताशयं काढली, आता माझी पाळी. ह्यांना म्हटलं, "छोटं ऑपरेशन आहे." चिकटलेलं असलं की छोटं नसतं.

५ फेब्रु.
ओपीडीत दुधनीची शांतव्वा, जुनी पेशंट. सिस्टरनं सांगितलं असणार.
"बाई, तुमालाबी खडं? तुमीच पडल्यावर आमी कुणाकडं जायाचं की?"
हसले. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

७ फेब्रु.
श्रीनिवासला बोलावलं. माझाच विद्यार्थी, दुर्बिणीवर हात सुरेख. विचारलं, "दुर्बिणीतून नाही जमलं, पोट उघडायची वेळ आली तर? ओपन किती केलीस?"
"एक, मॅडम. तीही निम्मी सिनियर सरांनी केली. आता शिकायला मिळतच नाहीत." मग म्हणाला, "बॅचमधले बाकी सगळे युरॉलॉजी, कॅन्सर, प्लास्टिक सर्जरीकडं गेले. नुसता सर्जन मी एकटाच राहिलो."
गावात ओपनला हात घालणारे आम्ही साठीला आलेले चारदोन. आमच्यानंतर…

८ फेब्रु., रवि.
हे म्हणतात, पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात जाऊ, माझ्या वयाचा, ओपनचा सराव असलेला सर्जन गाठू. बॅग भरली. दुपारी थंडी वाजून ताप, बरगडीखाली कळ. प्रवास शक्य नाही. श्रीनिवासला फोन. "ॲडमिट व्हा, मी येतो." आवाज कापरा होता, की मलाच तसा ऐकू आला?

१२ फेब्रु.
आज पेन धरवतंय. पोट उघडावंच लागलं. लई वेळ लागला म्हणे. भूलवाल्या मॅडम सांगत होत्या, मदतीला कुणाला बोलवू का विचारलं, तर श्रीनिवास "थांबा" म्हणाला. एकट्यानं केलं. कसं केलं, विचारायचं धाडस नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
सकाळी पोटातल्या नळीतून हिरवट येतंय. पित्त. कुठून तरी गळतंय. बारीक फट असेल तर आपोआप मिटेल. मुख्य पित्तनलिकाच कापली गेली असेल तर पुन्हा पोट उघडणं आलं…
श्रीनिवास स्टुलावर बसून नळीच्या पिशवीकडे बघत होता. मग माझ्याकडे. मी काही बोलेन म्हणून थांबलेला.
"माझ्याकडं बघू नकोस. मी पेशंट आहे. तू सांग."
"स्कॅन करू, मॅडम. मग ठरवू."
हे विचारतात, "हिरवं म्हणजे काय गं?"
"येतं कधीकधी," म्हटलं.
त्यांनी माझा हात धरलाय, म्हणून अक्षर असं. स्कॅनला न्यायला आले.