मॉस्कोचा पत्ता

मु. माकणी, जि. उस्मानाबाद
ता. ८ एप्रिल १९७३

चि. मच्छिंद्र यास,

अक्काचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. रशियन भाषेची शिष्यवृत्ती मिळवून मॉस्कोला गेलेला पोरगा म्हणून गावात अजून तुझंच नाव आहे. सोसायटीच्या चेअरमननी तुझा फोटो कचेरीत लावलाय, वर हार घालून. मी म्हटलं, अहो, पोरगं जिवंत आहे, हार काढा आधी!

इकडं पाऊस न्हाय, तेरणा नदी कोरडी ठाक. रस्त्याच्या कामावर खडी फोडतो, मिळंल ती सरकारी सुकडी खातो. टँकर आठ दिसाला एकदा. मायचं विचारलंस. तिला आता कसलाच त्रास न्हाय.

थंडी लई आहे म्हणतोस, तर कान बांधत जा. अभ्यास सोडू नको. मधीच माघारी आलास तर शिष्यवृत्ती बंद, पुन्हा मिळायची न्हाय, हे तूच लिहिलं होतंस.

किती वळसे घालू? मच्छिंद्रा, माय गेली रे. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी खडी फोडता फोडता टेकली, ती उठलीच न्हाय. तू सगळं टाकून धावत येशील म्हणून कळवलं न्हाय. शिव्या घाल मला.

दहाव्याला आपल्या चुलत्यांनी, दगडोबातात्यांनी, नदीत पिंड ठेवला. कावळा शिवल्याबिगर उठायचं कसं? आन ह्या दुष्काळात कावळेसुद्धा गाव सोडून गेलेले. दोन तासांनी एकच आला, लिंबावर बसला, पण शिवेना. "चांगुणाला सांभाळू," तात्यांनी माझं नाव घेऊन म्हटलं. "मच्छिंद्राचं शिक्षण पुरं करू," म्हटलं. हलला न्हाय. मग तात्या हात जोडून म्हणाले, "वहिनी, पोराला माघारी आणतो." बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर. तुला एस.टी.त बसवताना जिनं डोळ्यांतून टिपूस काढलं न्हाय, तिच्या मनात हे होतं.

तवापासून रोज भर दुपारी उंबरा ओला होतो. बसल्या माणसाएवढा. घरात घोटभर पाणी नसतं, आन उंबरा ओला! मग मायचा आवाज येतो, "आला का गं?" मी "न्हाय" म्हणते. एक दिवस तात्यांनीबी ऐकलं. झालं, तार करायला तुझा पत्ता मागायला लागले. "मेल्या माणसाला शब्द दिलाय, पोरी." पत्ता फक्त तुझ्या पाकिटावर, आन पाकीट माझ्या कमरेला. मी देईना.

काल त्यांनी माझी पेटी उचकटली. तवा मीच दुपारी उंबऱ्याशी बसले आन तुझा पत्ता मोठ्यानं वाचला. गाव, रस्ता, वसतिगृह, खोली. तीनदा. म्हटलं, "माय, तुला लेकच भेटायचाय न्हवं? तो यायचा न्हाय. तूच जा." मग पाकीट चुलीत घातलं. पत्ता आता मला पाठ आहे.

आज उंबरा कोरडा आहे. पोटच्या पोरीनं मायला घरातून लावून दिलं. दुपारपासून रडतेय.

ह्या पत्राच्या आधी ती पोचंल. दारात कुणी मराठीत हाक मारली तर भिऊ नको. दार उघड, पाया पड, जवळ बसव. पण "चल" म्हणाली तर उठू नको बाबा. सांग तिला, परीक्षा झाल्याबिगर न्हाय.

आन परीक्षा झाली की तिला संगं घेऊन ये. मी तिला जायचा पत्ता दिला, माघारी यायची वाट सांगायची राहिली.

तुझी अपराधी अक्का,
चांगुणा