बाबांचा तोल

बाबा, मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मी शिकत असतानाच तुम्ही गेलात. शरीरातल्या काही एन्झाइमांच्या पोटात लोह आणि गंधकाचा इवलासा पुंजका असतो. तो असला की एन्झाइम चालतं, निखळला की बंद. हवा लागली तरी तो निखळतो, म्हणून मी दिवसभर हवाबंद काचेच्या पेटीत रबरी हातमोज्यांतून हात घालून बसते. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, "धाटावच्या कंपनीत केमिकल आमी बी हाताळली, पन येवढे लाड नाय केले."

हा पुंजका बांधायला मदत करणारं एक प्रथिन आहे. ते जन्मापासून कमी असलं तर पुढे कधीतरी नसा खचू लागतात. माणूस डुलत चालतो, जीभ जड होते, हृदय थकतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाचनालयातच रडले. ते तुमचं वर्णन होतं, बाबा.

तुमची डुलती चाल पाहून कंपनीच्या गेटवर रखवालदार तुमच्या तोंडाचा वास घ्यायचे. शिफ्ट संपवून अष्टमी गावातल्या घरी आलात की दारात आई उभी. "हा करा बगू." तुम्ही मुकाट्याने करायचात. "नाय गो, घेतली नाय." अंगाला कंपनीचाच वास एवढा की तिला त्यातून काय कळणार! पण तिने ठरवूनच टाकलं होतं. मग तुम्ही शक्कल काढलीत. नदीच्या पुलावरून पलीकडे रोह्याला जाताना भाताच्या तुसाचं पोतं खांद्यावर घ्यायचात. दिसायला जड, वजनाला काहीच नाही. "ओझं असलं की मानूस डुलनारच, कोन काय बोलत नाय," असं म्हणून हसलात. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता त्या हसण्याचा राग येतो, तुमचा नाही, सगळ्या रोह्याचा.

मागच्या महिन्यात मी माझं रक्त तपासून घेतलं. त्या दोषाची एक प्रत माझ्यात निघाली. आजार व्हायला दोन लागतात, म्हणून मला काही होणार नाही, पण ती तुमच्याकडूनच आली असणार. रिपोर्ट घेऊन तडक पेणला गेले. आई आता तिथे दादाकडे असते. ती गच्चीवर पोह्याचे पापड वाळत घालत होती. मी म्हटलं, "आई, बाबांबद्दल बोलायचंय." तिने मान वर केली नाही. "जाऊ दे गो. पीत होते, पन मानूस वायट नवता. मी कवाच माफ केलाय त्यांना. म्हनून तर झोप लागते मला."

मी तिच्या शेजारी बसून पापड पसरवत राहिले. एवढं वय झालेल्या बाईला आता कोणत्या तोंडाने सांगायचं, की माफी तिनेच मागायला हवी होती, आणि मागायला आता कोणी उरलेलं नाही?

तुमच्यावरचा डाग पुसणं माझ्या हातात होतं. मी तुमच्याऐवजी तिची झोप निवडली, बाबा.