मिर्झासाहेबांची अदब

लखनौ, ३ नोव्हेंबर १९८६

चि. मोहसिन यास नुजहतआपाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या दूल्हाभाईंचा ताप उतरून तीन महिने झाले. सगळे सांगतात, मिर्झासाहेब पहिल्यासारखे झाले. मला तसं वाटत नाही. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्याशी तिरसटच बोलणारा माणूस आता मला ‘आपण’ म्हणतो. परवा शेजारचे काझिमभाई आले, थोरला मुलगा गेल्याचं सांगून रडू लागले. यांनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि म्हणाले, बडी मेहेरबानी, असेच येत जा. काझिमभाईंना दुःखात काही कळलं नाही. मी मात्र दारामागे थिजले.

एकदा येऊन बघ. रझियाला दुवा. लोभ आहेच, तो पायांनी चालत येऊ दे.

तुझी आपा

भोपाळ, २४ नोव्हेंबर

ती. आपास धाकट्या मोहसिनचे आदाब, वि. वि.

सुखरूप पोचलो. आपा, तुला सुख टोचतं बघ. चार दिवसांत दूल्हाभाईंनी माझ्याआधी एकदाही घास घेतला नाही. मी उभा राहिलो की तेही उभे. रझिया मला म्हणते, असला ताप तुम्हालाही येऊ दे. त्यांची चेष्टेची सवयही शाबूत आहे. मी टांग्यात बसताना म्हणाले, आपला परिचय झाला, फार आनंद वाटला. स्टेशनपर्यंत हसत होतो.

उगाच मनाला लावून घेऊ नकोस. माया असू दे.

मोहसिन

लखनौ, २ डिसेंबर

चि. मोहसिनला आशीर्वाद, वि. वि.

ती चेष्टा नव्हती रे. गुरुवारी उकळत्या चहाचं पातेलं माझ्या पायावर सांडलं. मी किंचाळले. हे उठले, मला खुर्ची दिली आणि मी ओरडायची थांबेपर्यंत हसतमुखानं समोर उभे राहिले. मग विचारलं, मिजाज कसा आहे आपला?

शेजारणीनं दवाखान्यात नेलं. परतल्यावर म्हणाले, बेगमसाहिबा, आपण बरेच दिवस इथं आहात, घरचे काळजीत असतील, टांगा मागवू का? मी म्हटलं, माझं घरचं माणूस मीच शोधतेय. त्यावर शेर ऐकल्यासारखे ‘वाह’ म्हणाले.

आपा

भोपाळ, ९ डिसेंबर

ती. आपास आदाब, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. चार दिवसांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही, हे आज आठवलं. इथल्या मेंदूच्या डॉक्टरांशी बोललो आहे. एकोणीस तारखेला येतो आणि दोघांना घेऊन जातो. माझ्यावरचा राग मी तिथं पोचल्यावर काढ.

मोहसिन

लखनौ, १५ डिसेंबर

चि. मोहसिनला आशीर्वाद, वि. वि.

ये. पाय भरत आलाय.

मला विषमज्वर झाला होता, तेव्हा हे अकरा दिवस उशाशी बसून होते. अकराही दिवस बोल लावत होते, की पावसात भिजायची हौस तुलाच. त्या तोंडाचा तेव्हा किती राग यायचा.

काल मी डाळीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. वाटलं, ताट भिरकावतील, निदान एक शिवी देतील. ते खात राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी म्हणाले, काय हात आहे आपला, आणि वाटी पुढं केली. मी ती हिसकावून घेतली. तेव्हापासून मी दिसले की हात जोडून माझी माफी मागतात. कशाची, ते त्यांना ठाऊक नाही.

लवकर ये. तोवर या घराला तुझ्या दुवेत ठेव.

आपा